फोटोची डावी कड

अन्याय पाच जणांवर झाला. नावं लिहिते, कारण नावं गाळण्यावरूनच हे सगळं सुरू झालं. धुरपदाबाई, कौसाबाई, शांताबाई आणि मंदा, या चौघी कवठजांबच्या. पाचवे जाफराबादचे गफूर चाचा फोटोवाले. कधी झाला? गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाला, कवठजांबच्या नव्या सभागृहाच्या भिंतीवरचा पडदा ओढला तेव्हा. पडद्यामागं गावाचा भलामोठा फोटो होता. गफूर चाचांनी काढलेला. त्यात डाव्या कडेला उभ्या असलेल्या चौघी नव्हत्या. त्यांच्या जागी हात जोडून हसणारा एक नेता होता आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "छायाचित्र : संग्रहित".

मी संघटनेची पत्रकं लिहिते. मागण्यांना क्रमांक घालून लिहायची मला सवय आहे. या बाबतीत क्रमांक घालून झाले, निवेदन देऊन झालं, पोच घेऊन झाली, आठवण म्हणून दुसरं निवेदन देऊन झालं. काही हललं नाही. खरं सांगायचं तर थकायला झालंय. म्हणून या वेळी मागणी शेवटी ठेवते आणि आधी माणूस सांगते.

गफूर चाचांचा स्टुडिओ जाफराबादला, बसस्टँडवरून बाजाराकडं जाताना, झेरॉक्सच्या दोन दुकानांच्या मधोमध. बाहेरून बघितलं तर तिथं स्टुडिओ आहे असं वाटायचंच नाही. आत एक स्टूल, मागं निळा पडदा आणि पडद्याच्या मागं डार्करूम, जिथं ते चाचींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, जिरेनियमच्या कुंड्या ठेवू द्यायचे नाहीत म्हणून भांडण व्हायचं. चाचा बारीक, उंच, किंचित वाकलेले. चष्मा कायम कपाळावर. आणि शर्टाच्या दुसऱ्या गुंडीला काळ्या दोऱ्यानं बांधलेलं लेन्सचं काळं झाकण. नवा माणूस विचारायचा, "चाचा, हे काय, बिल्ला का?" चाचा म्हणायचे, "हौ. गाढवपणाचा बिल्ला हे. सरकारनं न्हाई दिला, मपला मीच घेतला." त्या बिल्ल्याची गोष्ट पुढं सांगते.

स्टुलावर बसलेल्या माणसाला त्यांनी कधी हसायला सांगितलं नाही. "हसा" म्हटलं की माणूस दात दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. ते म्हणायचे, "श्वास घ्या... सोडा." आणि श्वास सुटताना, खांदे खाली येताना फोटो घ्यायचे. पासपोर्ट फोटो असला तरी तेच. आधार कार्डावरच्या फोटोत सगळा देश आरोपी दिसतो, पण चाचांच्या पासपोर्ट फोटोतला माणूस नुकताच घरी येऊन टेकल्यासारखा दिसायचा.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडं गेले ती भांडायला. आमच्या मोर्चाचा फोटो हवा होता आणि ते येत नाहीत असं कुणी तरी सांगितलं होतं. त्यांनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं, चष्मा खाली ओढून सगळं वाचलं आणि परत दिलं.

"बेटी, एका पानात चार वेळा धिक्कार लिवला तू."

"मग? धिक्कार करायचाच आहे आम्हाला."

"कर ना. पण एकदाच लिव, मोठ्या अक्षरात. चार वेळा लिवलं तं माणसाला वाटतं, हिला स्वतःलाच खात्री न्हाई."

मी तेव्हा रागावले. त्या दिवसापासून मला ते "पत्रकवाली" म्हणायला लागले. आणि मोर्चाला आले. ते यायचे नाहीत ही थापच होती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्या मोर्चात मी तो कॅमेरा पहिल्यांदा बघितला. जुना जपानी, विटेएवढा, पण विटेपेक्षा जरा सभ्य. त्यात मोठी फिल्म लागते. लग्नाच्या जुन्या अल्बमसाठी वापरायचे त्या साध्या रोलच्या चौपट मोठं एकेक चित्र, आणि एका रोलात दहाच. दहा फोटोंत मोर्चा काय काढणार, असं मला वाटलं. चाचा घोळक्याच्या पुढं उलटे चालत होते, कॅमेरा छातीशी, फोटो एकही नाही. तहसीलच्या फाटकासमोर त्यांनी अचानक हात वर केला आणि ओरडले, "थांबा! नारे बंद! कोणी हलू नका!"

आणि मोर्चा थांबला! मुठी वर तशाच. घोषणा तोंडातच. फाटकाशी उभे असलेले हवालदारसुद्धा ताठ उभे राहिले, एकानं टोपी नीट केली. चाचांनी कॅमेरा डोळ्याला लावला, डावीकडून उजवीकडं सगळ्यांकडं बघितलं, म्हणाले, "श्वास घ्या... सोडा." कुठं तरी अगदी बारीक टिक झालं. "चलू द्या आता. मुर्दाबाद म्हणा." मग आम्हाला मुर्दाबाद म्हणताना हसू आवरेना. तो फोटो आमच्या कार्यालयात आहे. त्यात मागच्या ओळीतल्या बाईच्या पिशवीतली भाजी कोणती तेही ओळखता येतं. मी मोबाइलवर काढलेले त्या दिवशीचे फोटो कुठल्या फोनमध्ये होते, तो फोन कुठं गेला, कुणास ठाऊक.

लोक फिल्मचे कॅमेरे भंगारात देत होते त्या काळात चाचांनी हा घेतला. त्याआधी त्यांच्याकडंही डिजिटल होता, इतरांसारखाच. मग एका उन्हाळ्यात लाइट खालीवर झाली आणि संगणकातली डिस्क गेली. त्यात तालुक्यातली लग्नं होती, शाळेचे निरोप समारंभ होते, वारलेली माणसं होती. लोक फोटो मागायला यायचे आणि चाचा हात जोडायचे. तेव्हा त्यांनी ठरवलं, आता निगेटिव्ह. "ते उजेडात धरलं की दिसतं. त्याला करंट लागत न्हाई, पासवर्ड लागत न्हाई. मी मेलो तरी दिसंल."

पण कोणता कॅमेरा? इथं चाचांचं खरं वेड सुरू झालं. चाची सांगतात, त्यांच्या निकाहच्या वेळी मुलगी बघायला एक दुपार लागली, या बाईला बघायला दोन वर्षं लागली.

मोठ्या फिल्मचे कॅमेरे तऱ्हेतऱ्हेचे असतात. एक आरशाचा. त्यात लेन्समधूनच दिसतं, पण तो जड, आणि बटण दाबलं की आरसा धाडकन वर उडतो. "फोटो काढला का दार आपटलं, कळत न्हाई. आन् ज्या टायमाला फोटो निघतो, नेमकं त्याच टायमाला आपल्याला अंधार." समोरच्यानं त्या क्षणी डोळे मिटले की नाही ते फोटो धुतल्यावर कळणार. चाचांना हे बिलकुल नामंजूर. दुसरा घडीचा, लोहाराच्या भात्यासारखा उघडणारा. त्याच्या भात्याला भोकं पडतात आणि उजेड घुसतो. तिसरा मग हा, ज्याला रेंजफाइंडर म्हणतात. यात लेन्स वेगळी आणि बघायची खिडकी वेगळी. खिडकीच्या मधोमध एक फिकट ठिपका असतो, त्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो. लेन्सची कडी फिरवत ती दोन चित्रं एकावर एक आणायची. दोनाचा एक झाला की माणूस स्पष्ट. खिडकी कधी अंधारत नाही. फोटो निघताना समोरचं सगळं दिसत राहतं. डोळे मिटले तर तिथंच कळतं.

कॅमेरा ठरला तर लेन्सचा प्रश्न. एकच घेणं जमणार होतं. दीडशे मिलिमीटरची, लांब पल्ल्याची, त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केली. "दुरून फोटो काढायचा म्हणजे खिशात हात घालायचा. ज्याचा काढायचा त्याच्यासमोर उभं राहा की." राहिल्या दोन. ऐंशीची, म्हणजे साधारण आपला डोळा बघतो तशी. आणि पासष्टची, जरा ऐसपैस, जास्त माणसं मावणारी.

यासाठी त्यांनी पुठ्ठ्याची एक चौकट कापली. फोटोच्या आकाराचं भोक, खाली दोरी, दोरीला दोन गाठी. गाठ गालाशी धरून चौकट पुढं ताणायची. जवळची गाठ म्हणजे पासष्टची लेन्स, लांबची म्हणजे ऐंशीची. ही चौकट घेऊन चाचा सगळ्या जाफराबादमधून फिरले. कापसाच्या गाड्या, मशिदीसमोरचा चौक, शाळेचं मैदान, जीपच्या टपावरची माणसं, सगळं चौकटीतून बघायचे, कधी या गाठीनं, कधी त्या. भाजीवाल्या बायका म्हणायच्या, "चाचा, खिडकी घेऊन फिरून राह्यले का? भिंत कुठंय?" चाचा म्हणायचे, "भिंतीचं टेंडर निघायचं हे."

आमच्या गल्ल्या अरुंद. मागं सरकायला जागा नसते, लगेच कुणाची तरी भिंत लागते. पुठ्ठ्याचा कौल स्पष्ट होता, पासष्ट घ्या. ते पुण्याला गेले तेही पासष्टचीच घ्यायला. तिथं जुन्या कॅमेऱ्यांचा एक दुकानदार होता. त्यानं दोन्ही लेन्स समोर ठेवल्या. पुढचं चाचांच्याच तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की मलाच तिथं असल्यासारखं वाटतं.

"मी खिडकीतून बघितलं. पासष्ट लावली तं आतली पांढरी चौकट पार खिडकीच्या काठाला भिडती. जे फोटोत, तेच दिसतं. भायेर काही उरत न्हाई. मंग ऐंशी लावली. चौकट जरा आत आली आन् भायेर चौफेर जागा राह्यली. तं चौकटीच्या भायेर कोण? दुकानदाराचा नोकर, चहाची किटली घेऊन. मी म्हणलं, अरे, तू ह्याच्यात फोटोत नसून दिसून राह्यला!"

दुकानदार म्हणाला, "काका, फोटोत नाही ते दिसून काय उपयोग?"

चाचा म्हणाले, "मंग बोलावता येतं ना त्याला."

ते ऐंशीची घेऊन आले. गल्लीत भिंतीला पाठ घासत फोटो काढले, शर्टाच्या पाठी विरल्या, पण बदलली नाही. लेन्स बदलता येणारा कॅमेरा मुद्दाम घेतला आणि त्याची लेन्स कधीही काढली नाही. चाची दर उन्हाळ्यात विचारायच्या, "दूसरी कब लाते मियाँ?" चाचा म्हणायचे, "एकीचंच समजलं न्हाई अजून."

आता बिल्ला. त्या कॅमेऱ्याचा एक दोष आहे. बघायची खिडकी वेगळी असल्यामुळं लेन्सवर झाकण तसंच राहिलं तरी तुम्हाला सगळं छान दिसत राहतं. आरशाच्या कॅमेऱ्यात लगेच काळोख होतो, यात कळतच नाही. नवा कॅमेरा आल्यावर पहिलाच पोळा होता. शेजारच्या गावात एका म्हाताऱ्या पाटलांची बैलजोडी, अंगावर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरांच्या माळा. चाचांनी सगळा रोल त्या जोडीवर घातला. बैल श्वास सोडेपर्यंत थांबून. धुतला तर कोरा.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, फिल्म खराब निघाली. चाचा तिसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं गेले आणि ओट्यावर दहा माणसं बसली होती त्यांच्यासमोर म्हणाले, "पाटील, माफ करा. मला सगळं दिसत व्हतं, कॅमेऱ्याला काहीच दिसत नव्हतं. मी झाकण काढलंच न्हाई."

पाटलीणबाई उठल्या. गोठ्यात गेल्या आणि उतरवून ठेवलेली झूल झटकायला लागल्या. बैलांना परत धुतलं, शिंगं परत रंगवली, माळा घातल्या. गावातून निघाले तर लोक विचारायला लागले, "दुसरा पोळा कशाचा?" पाटील म्हणाले, "गफूरभाईचा." त्या गावात अजून, एखादं काम दुसऱ्यांदा करावं लागलं की "गफूरभाईचा पोळा" म्हणतात. झाकण त्या दिवशी गुंडीला बांधलं गेलं. गुंडीला लोंबतंय म्हणजे लेन्सवर नाही, असा हिशेब.

"मला सगळं दिसत होतं, कॅमेऱ्याला काहीच नाही." एकदा तहसीलच्या बाकावर आम्ही तासन्तास बसलो होतो, तेव्हा समोरच्या साहेबांच्या दाराकडं बघून चाचा हळूच म्हणाले, "पत्रकवाली, झाकण लावलेलं हे गं." मला पुढचे सहा महिने त्या एका वाक्यावर काढता आले.

आता कवठजांब.

तिथं एका दुष्काळी वर्षी गावानं ओढ्यावर श्रमदानानं बांध घातला. गावानं म्हणजे सगळ्यांनी, पण माती वाहिली सगळ्यात जास्त वस्तीवरच्या बायकांनी. बांध पुरा झाला त्या दिवशी गावाचा फोटो काढायला चाचांना बोलावलं. मी सोबत होते, पत्रकांचा गठ्ठा घेऊन. उतरती उन्हं होती. सगळं गाव बांधावर ओळीत उभं राहिलं, मधोमध गावच्या समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात. चाचांनी कॅमेरा लावला. कडी फिरवली. आणि डोळा बाजूला घेतला.

"भाऊ, त्या तिकडं चौघी कोण?"

बांध संपतो तिथं डावीकडं, घमेली पायाशी ठेवून चार बाया उभ्या होत्या. त्यांना कुणी जा म्हणालं नव्हतं, या असंही म्हणालं नव्हतं.

"त्यांचं बघू नंतर. तुम्ही घ्या चाचा, ऊन चाललं."

"नंतर कधी? फोटो तं आता हे." चाचांनी हात केला. "बाई! दोन पावलं इकडं या!"

त्यांतली सगळ्यात म्हातारी धुरपदाबाई. ती जागची हलली नाही. "आमचं काय काम तिथं?"

"बांध कोणी बांधला?"

"बांधला तं आमीबी."

"मंग बांधावर या की."

"तुमची खिडकी लहान हाये, मावायचो न्हाई आमी."

"तुम्ही या तं खरं. खिडकीचं मी बघतो."

त्या आल्या. त्यांना जागा करायला सगळ्या गावाला उजवीकडं सरकावं लागलं. उजव्या टोकाचा माणूस बांधावरून घसरता घसरता राहिला आणि शिव्या घालत परत चढला. श्वास घ्या, सोडा, टिक. आणि चाचा म्हणाले, "परत. धाकट्या बाईनं डोळे मिटले."

मंदा त्या चौघींत सगळ्यात धाकटी. लाजून तिनं पदर तोंडाला लावला. धुरपदाबाई म्हणाली, "अगं उघड की, डोळे काय नवऱ्याच्या घरी ठुले का?" हशा झाला. मग सगळं गाव, भाऊंसकट, मंदाचे डोळे उघडे राहावेत म्हणून परत एकदा श्वास रोखून उभं राहिलं. मी पुष्कळ मोर्चे बघितले, पुष्कळ सभा बघितल्या. पण अख्खं गाव एका मजुरी करणाऱ्या पोरीच्या पापण्यांसाठी थांबलेलं मी तेवढंच एकदा बघितलं.

धुरपदाबाईचा आयुष्यात दुसरा फोटो नाही. लग्नातला नाही, कार्डावरचा आहे तो तिला स्वतःला ओळखू येत नाही. सभागृहाच्या भिंतीवर बांधाचा फोटो लागणार असं कळलं तेव्हा तिनं पेटीतलं जांभळं लुगडं काढलं. चौघीही आल्या. मागं भिंतीशी उभ्या राहिल्या. ती मला सांगत होती, "मपलं सोपं हाये. कडेपासून मोजायचं, पहिलीच मी."

पडदा ओढला. टाळ्या झाल्या. धुरपदाबाई कडेपासून बघायला लागली. कडेला नेता होता. मग तिनं सगळ्या ओळी बघितल्या, शेवटपर्यंत, परत पहिल्यापासून. मंदानं बघितलं आणि मान खाली घातली. माणसं जेवायला मांडवाकडं गेली तेव्हा म्हातारी पुढं झाली, फोटोतल्या नेत्याच्या कानावर हाताचा पंजा ठेवला आणि म्हणाली, "इथं व्हते मी."

चाचा तिच्या बाजूला उभे होते. भाऊ त्यांना जेवायला बोलवायला आले.

"मनावर घेऊ नका चाचा. फ्लेक्सवाल्यानं बसवलं. साहेबांचा फोटो टाकायचाच होता, तेवढीच जागा होती."

"जागा नव्हती भाऊ. तिथं माणसं व्हती."

"आता एवढा खर्च झालाय. कोणी मुद्दाम थोडंच केलंय?"

हे मात्र खरं. कुणाचाच त्या चौघींवर राग नव्हता. कुणी त्यांना काढायचं म्हणून काढलं नाही. चेहरा बसवायला जागा शोधली आणि त्या चौघी जागा निघाल्या. राग असता तर भांडता आलं असतं. इथं भांडायचं कुणाशी? भाऊ तर ताट वाढून घेऊन आले होते.

चाचा न जेवता निघाले. जीपमध्ये बसले. मग म्हणाले, "संग्रहित म्हणजे गं?"

"म्हणजे जुना, जपून ठेवलेला. कुणाचा ते माहीत नसलेला."

"मी तं ह्याच जीपनं आल्तो."

पुढचा आठवडा त्यांनी डार्करूममध्ये काढला. अख्खी निगेटिव्ह, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, कापडाच्या तागासारख्या लांब कागदावर मोठी केली. एवढा कागद धुवायला भांडं नव्हतं म्हणून अंगणातल्या हौदात धुतला. नळ आठवड्यानं येतो आमच्याकडं. चाची दारात उभ्या राहून ओरडत होत्या, "पीने कू पानी नई, और इनो पूरे गाँव कू नहला रै!" आणि ओरडता ओरडता त्यांनीच कागदाचं दुसरं टोक धरलं. तो एकट्यानं धरला की दुमडतो. वाळत घातला तेव्हा धुरपदाबाईच्या घमेल्याचा तुटका काठसुद्धा दिसत होता. मंदाचे डोळे उघडे.

ती गुंडाळी घेऊन चाचा कवठजांबला गेले. भाऊ म्हणाले, "वा, झकास. ठेवा तिकडं कोपऱ्यात."

"कोपऱ्यात न्हाई. भिंतीला लावतो."

"भिंतीला लावायचं तर ठराव लागतो."

"घ्या मंग."

"बघू."

पुढच्या वेळी भाऊ लग्नाला गेलेले. त्याच्या पुढच्या वेळी आचारसंहिता. मग सभागृहाची किल्ली ज्याच्याकडं तो कापूस घेऊन गेलेला. दर वेळी चाचा जीपच्या मागच्या बाकावर, गुंडाळी दोन्ही गुडघ्यांच्या मधे उभी धरून. लोक विचारायचे, "गालिचा नेऊन राह्यले का चाचा?" सुरुवातीला ते उलगडून दाखवायचे. नंतर नुसतं म्हणायचे, "हौ, गालिचा." मी निवेदनं दिली तीही याच काळात. ती कुठं आहेत ते भाऊंना विचारा. मी विचारलं. ते म्हणाले, "फाइलला आहेत."

चाचा थकले हे मला एका दुपारी कळलं. स्टुडिओत कुणी नव्हतं. म्हणाले, "बस पत्रकवाली. तुझा एकपण फोटो न्हाई." मी स्टुलावर बसले. त्यांनी कॅमेरा लावला, कडी पुढं फिरवली, मागं फिरवली, परत पुढं. बराच वेळ. मग कॅमेरा मांडीवर ठेवला.

"बेटी, तू दोनच दिसून राह्यली. एक होत न्हाई."

डोळ्याच्या मागच्या पडद्याचं काही आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, आता सुधारायचं नाही, एवढंच ते म्हणाले. मग उठले, खणातून ती पुठ्ठ्याची जुनी चौकट काढली, तिची गुंडाळलेली लांब दोरी सोडवली, एक टोक लेन्सशी आणि एक माझ्या नाकाशी धरलं. दोरी टेबलावरच्या पट्टीवर मोजली आणि लेन्सवरचा अंतराचा आकडा तेवढ्यावर आणून ठेवला.

"श्वास घे... सोड." टिक.

तो त्या कॅमेऱ्यावरचा शेवटचा फोटो, जितकं मला माहीत आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चाची आणि चाचा मुलीकडं घनसावंगीला राहायला गेले. मी जीपपर्यंत पोचवायला गेले होते. जीप जालन्यापर्यंत, तिथून पुढं दुसरी. चाचींच्या मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी. बिल्ला गुंडीला तसाच. चाचांनी ती गुंडाळी माझ्या हातात दिली. चाचींच्या जुन्या ओढणीत बांधली होती.

"कोपऱ्यात ठेवू नको."

"नाही ठेवत."

"आन् निवेदन नको देऊ आता. फाइल जाड झाली त्यांची."

जीप भरली. चाचा खिडकीशी बसले होते. मी मागं, जीपच्या मागच्या कोपऱ्याआड उभी होते, डोळे पुसायला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. खिडकीतून चाचांचा हात बाहेर आला. आधी मला वाटलं निरोपाचा आहे. तसा नव्हता. चष्मा कपाळावर, मान पुढं काढलेली, आणि हातानं ते मला खुणावत होते, दोन पावलं इकडं. मी दोन पावलं पुढं झाले, खिडकीसमोर. मग त्यांनी मान हलवली, आणि जीप निघाली.

आता ते शुक्रवारी नमाजनंतर फोन करतात. तब्येतीचं विचारलं तर टाळतात. एकच विचारतात, "लागला का?"

दर शुक्रवारी मी "नाही" म्हणते. ते "बरं" म्हणतात आणि फोन ठेवतात. धुरपदाबाईनं विचारणं सोडलंय. तिचं जांभळं लुगडं परत पेटीत गेलंय. तिचं वय बघता, आणि चाचांचे डोळे बघता, मला फार शुक्रवार उरलेले नाहीत.

म्हणून मागणी. या वेळी एकच आहे, तिला क्रमांक नाही, आणि ती भाऊंकडं नाही, तुमच्याकडं आहे. येत्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की सभागृहाचं दार उघडं असतं आणि सगळं गाव तिथंच असतं. जाफराबादहून कवठजांबची जीप सकाळी मिळते. तुम्ही या. घोषणा द्यायच्या नाहीत, काही फाडायचं नाही. खिळे आणि हातोडी मी आणते. पण तो कागद लांब आहे, एकट्यानं धरला की दुमडतो. उजवं टोक मी धरते. डाव्या टोकाला, धुरपदाबाईच्या बाजूला, तुम्ही उभे राहा आणि खिळे ठोकून होईपर्यंत सोडू नका.